‘मूल म्हणजे कोरी पाटी’ : पालकसभेत नेमकं काय सांगायचं?

बालवाटिका_फोंडा

फोंडा तालुक्यातल्या एका बालवाटिकेची पालकसभा महिनाअखेरीस आहे. विषय ठरलाय ‘मूल : कोरी पाटी की आणखी काही?’ वेळ पाऊण तास. समोर तीस-पस्तीस माणसं, त्यात निम्म्या आज्या. बहुतेकांच्या घरात कोंकणी, देवळात आणि पेपरात मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि डोळे लागलेले इंग्रजीकडे.

अशा सभांत हमखास ऐकू येणारी वाक्यं ही :

“बाई, पोर म्हणजे कोरी पाटी. तुम्ही लिहाल ते उमटणार.”

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हा थेट आजोबांवर गेलाय.”

“शास्त्रज्ञ म्हणतात पन्नास टक्के रक्तातलं. म्हणजे अर्धं तरी आपल्या हातात ना?”

आणि हल्ली चौथं : “गर्भसंस्काराचा कोर्स केला होता, मग फरक का दिसत नाही?”

मला तीन गोष्टी हव्यात. पक्की माहिती, वयासकट. सभेत करून दाखवता येईल असं काहीतरी, कारण नुसतं भाषण आज्या ऐकत नाहीत. आणि तत्त्वज्ञानाचा इतिहास पाच मिनिटांत मावेल एवढाच. ‘निसर्ग आणि संगोपन दोन्ही महत्त्वाचे’ हे वाक्य कृपया नको. ते प्रत्येक पुस्तिकेत आहे आणि त्यातून कुणाला काही कळत नाही.

ध्वनिवेडा

बाई, सुरुवात ‘ट’ आणि ‘त’ पासून करा. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातल्या इंग्रजी घरांतली बाळं घेतली आणि त्यांना हिंदीतले ‘टा’ आणि ‘ता’ ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तिथल्या मोठ्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र फरक स्पष्ट कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तो कळणारी अगदी थोडी उरली. हिंदी घरातल्या त्याच वयाच्या बाळांचा भेद शाबूत होता.

आता बाळाला विचारता तर येत नाही, मग कळलं कसं, हे आज्या विचारणारच. बाळ आईच्या मांडीवर. बाजूच्या स्पीकरमधून ‘ता... ता... ता...’ चालू. मधेच ‘टा’ सुरू झाला की स्पीकरशेजारच्या काळ्या काचेमागे दिवा लागतो आणि खेळण्यातला प्राणी हलतो. दोनचारदा असं झालं की आवाज बदलताक्षणी बाळ दिव्याची वाट न बघता मान वळवायला लागतं. आईच्या कानांवर हेडफोन आणि त्यात गाणी. नाहीतर आवाज बदलला की तिची मांडी नकळत हलते आणि बाळ उत्तर तिच्याकडून उचलतं. आवाज बदललेला नसतानाही बाळ किती वेळा मान वळवतं हेही मोजावं लागतं. ते सोडून दिलं तर चुळबुळ्या बाळाला हुशार ठरवाल.

यातली मेख अशी की कोऱ्या पाटीच्या कल्पनेत सुरुवात शून्यापासून होते आणि भर पडत जाते. इथे उलटं आहे. मूल गरजेपेक्षा जास्त घेऊन येतं आणि घरात जे ऐकू येत नाही ते सोडून देतं. तालाचंही तसंच. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांच्या २००५च्या प्रयोगांत उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन लोकसंगीतातल्या विषम मात्रांच्या तालातली गडबड ओळखता आली. त्यांच्या आईबापांच्या वयाच्या माणसांना नाही आली. बारा महिन्यांची बाळं मोठ्यांसारखी झाली होती, पण घरी दोन आठवडे ते संगीत ऐकवल्यावर ती सावरली. मोठी माणसं तेवढ्याने सावरली नाहीत. चवथीत घुमट-शामेळ ही वाद्यं वाजत असताना चाललेल्या आरतीत मांडीवर बसलेलं पोर काय जमा करतंय, त्याचा अंदाज यावरून करा.

प्रात्यक्षिक म्हणाल तर ट-त आपल्यावर चालणार नाही, आपल्याला तो कळतो. आपल्याकडून सुटलेला आवाज घ्यायचा. इंग्रजीत ‘वेस्ट’ दोन आहेत, एक बंडी आणि एक पश्चिम. मराठी-कोंकणी कानाला दोन्हींचा ‘व’ सारखाच लागतो. करायचं असं :

ऑनलाइन शब्दकोशातून दोन्ही उच्चार उतरवून घ्या, पण दोन्ही एकाच माणसाच्या आवाजातले. आधी प्रत्येक तीनदा ‘हा एक नंबर, हा दोन नंबर’ असं सांगून वाजवा. मग वीस वेळा वाजवा, क्रम नाणं उडवून आधीच ठरवलेला. पालकांनी कागदावर १ किंवा २ लिहायचं. निव्वळ अंदाजाने साधारण दहा बरोबर येतात. पंधरा किंवा जास्त नशिबाने येण्याची शक्यता शंभरात दोन. म्हणजे पस्तीस जणांत एखादा नशिबानेही तिथे पोचू शकतो, त्याला टाळ्या देऊ नका. दुसऱ्या फेरीत तो पुन्हा पोचतो का बघा.

फसतं कुठे? स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवलं तर एका ‘व’ला दात ओठावर टेकलेले दिसतात आणि लोक डोळ्यांनी उत्तर देतात. एक ध्वनिमुद्रण दुसऱ्याहून मोठं असेल तर लोक आवाजाचा लहानमोठेपणा ओळखतात, अक्षर नाही. आणि पंखे चालू असले तर शब्दाची सुरुवातच बुडते, म्हणून तेवढे पाच मिनिटं बंद. लंडन किंवा कुवेतमध्ये वर्षानुवर्षं काढलेले दोनचार जण आपल्याकडे प्रत्येक सभेत असतात. त्यांना जमलं तर हरकत नाही, सरावाने मोठेपणीही काही अंशी कान परत मिळतो, हे त्यातूनच दाखवता येईल.

गर्भसंस्काराचं नीट सांगा, कारण त्यात थोडं खरं आहे आणि पुष्कळ विक्री आहे. गर्भाला साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाज कळू लागतात. पण पोटाच्या भिंतीतून जाड, खालचे आवाज पोचतात आणि बारीक, वरचे अडतात. त्यामुळे व्यंजनं पुसट होतात आणि बोलण्याची लय व चढउतार शिल्लक राहतात. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली दाखवलं की तीन दिवसांच्या आतलं बाळ चोखणीवर चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी आईचा आवाज ‘लावून घेतं’. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचं रडणं चढत जाणारं, जर्मनांचं उतरत जाणारं, म्हणजे आपापल्या भाषेच्या सुरासारखं.

चवीचं तर स्वयंपाकघरातलंच उदाहरण आहे. ज्युली मेनेला यांच्या २००१च्या प्रयोगात काही बायका गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आठवड्यातून चार दिवस ३०० मिलिलिटर गाजराचा रस प्यायल्या, असं तीन आठवडे. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज खाताना तोंड कमी वेडंवाकडं केलं. अंगावर पाजताना रस प्यायलेल्या आयांच्या बाळांतही तेच. तेव्हा हुमणातल्या, म्हणजे माशांच्या आमटीतल्या, तेफळांची ओळख पानात येण्याआधीच होत असेल, असं म्हणायला जागा आहे. चक्रव्यूह शिकवता येतो असं म्हणायला नाही. आणि पोटाला चिकटवायचे स्पीकर घेऊ नका म्हणून बजावा. त्यातून शहाणपण जात नाही, गोंगाट मात्र जातो.

एक गोष्ट टाळा. नवजात बाळ जीभ बाहेर काढून मोठ्यांची नक्कल करतं, हा व्हिडिओ सगळीकडे फिरतो. तो दावा १९७७चा. २०१६ साली शंभरावर बाळं पहिल्या आठवड्यापासून नवव्या आठवड्यापर्यंत वारंवार तपासली तेव्हा तो टिकला नाही. बाळं जीभ तशीही काढत असतात. समोर कुणी तोंड उघडलं तरी काढतात.

बालवाटिका_फोंडा

धन्यवाद. पण हे ऐकल्यावर पहिला प्रश्न असा येणार : “दहाव्या महिन्यात दार बंद होत असेल तर इंग्रजी आत्ताच सुरू करू ना? मोबाइलवर लावून देतो.” शिवाय तीन-तीन भाषांनी मूल गोंधळतं, हेही ठरलेलं.

दृष्टी_श्रवण

मोबाइलचं उत्तर पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या कामात तयार आहे. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळवत होती, पुस्तकं वाचत होती. पंचवीस मिनिटांची एक, अशा बारा बैठका. एवढ्यावर त्या बाळांना चिनीतला एक अवघड ध्वनिभेद तैवानच्या बाळांइतका कळू लागला. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच साहित्य, तितकाच वेळ, पण पडद्यावर. तिसऱ्याला नुसता आवाज. दोन्ही गटांत फायदा शून्य. बाळ समोरच्या माणसाची नजर कुठे जाते ते बघून आवाज आणि वस्तू यांची सांगड घालतं. पडदा बाळाच्या नजरेला उत्तर देत नाही.

गोंधळाची भीतीही काढून टाका. गरोदरपणी दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांची नवजात बाळंसुद्धा त्या दोन भाषा वेगळ्या ओळखतात, हे २०१०च्या प्रयोगात दिसलंय. मूल “मका वॉटर दी” (मला पाणी दे) म्हणालं तर ते हाताशी असलेला शब्द वापरतंय. दोन भाषांच्या मुलाचे शब्द मोजताना दोन्हींची बेरीज करायची. एकाच भाषेचे मोजले तर मूल विनाकारण मागे पडलेलं दिसतं, आणि ही चूक फॉर्म भरताना सर्रास होते.

‘दार बंद’ हा शब्द मात्र बदला. प्रत्येक क्षमतेचा काळ वेगळा. उच्चारांचा सगळ्यांत आधी आणि हळूहळू ओसरणारा, व्याकरणाचा बराच पुढेपर्यंत, शब्दसंग्रहाचा आयुष्यभर. खरोखर घड्याळ लावून बसावं अशा गोष्टी कान आणि डोळे. पालकसभेत त्यावर दहा मिनिटं द्या. बाकी सगळं राहिलं तरी चालेल.

कारण असं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही आठवडे शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा निरोगी, पण मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्याला जवळजवळ जुमानत नव्हत्या. त्यांची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली. मोठ्या मांजरावर हेच केलं तर काहीच बिघडत नाही. या शोधांना १९८१चं नोबेल मिळालं. माणसात याचंच रूप म्हणजे आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर खूप जास्त, किंवा तिरळेपणा, किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणं सोडून देतो.

बालवाटिकेत कळण्याची अडचण ही की दुसऱ्या डोळ्याने सगळं चालू असतं. मूल चित्रं रंगवतं, पळतं, कुठेच अडखळत नाही. म्हणून एकेक डोळा झाकूनच बघायला हवं. झाकायला अपारदर्शक कागदी कप घ्या, हात नको, बोटांच्या फटीतून मुलं बघतात. चांगला डोळा झाकल्यावर मूल कप ढकलतं, मान वळवतं, कुरकुरतं. दुसरा झाकल्यावर काही नाही. असा फरक दोनदा दिसला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तीन-चार वर्षांचं होईपर्यंत एक पूर्ण तपासणी प्रत्येकाची व्हावी. उपचार म्हणजे आधी चष्मा, मग गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम प्रकारात दिवसाला दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरली आहे. पट्टी कातडीवर चिकटवायची. चष्म्याच्या काचेवर लावली की मूल वरून डोकावतं आणि महिने वाया जातात. सात-आठ वर्षांनंतर सुधारणा अशक्य नसते, पण कमी आणि हळू होते. घरच्या घरी, डॉक्टरला न विचारता पट्टी लावू नये. चांगला डोळा बिघडू शकतो.

कानांचं सूत्र १-३-६. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र किंवा खुणांची भाषा सुरू. ‘मुलगा आहे, उशिरा बोलतो’ म्हणून तीन वर्षं थांबणं हा सगळ्यांत महाग पडणारा सल्ला. तो बहुधा प्रेमाने दिलेला असतो.

आणि न्याय म्हणून जॉन लॉकच्या, म्हणजे जन्मजात कल्पना नसतात असं मांडणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञाच्या, बाजूचंही एक सांगा. विल्यम मॉलिन्यू याने त्याला विचारलं होतं : जन्मांध माणसाला हाताने गोळा आणि घन ओळखता येतात. त्याला दृष्टी आली तर नुसतं बघून ओळखेल का? दोघांचं उत्तर ‘नाही’. पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात भारतातल्या जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच जणांना शस्त्रक्रियेनंतर लगेच ठोकळे दाखवले. २०११ साली निकाल छापून आला. हाताला लागलेली वस्तू डोळ्याने ओळखणं जवळजवळ अंदाजपंचेच होतं. पण काही दिवसांत जमू लागलं. म्हणजे लॉक बरोबर होता, आणि शिकण्याची यंत्रणा इतक्या वर्षांनीही तयार बसलेली होती.

कोरगुट

पन्नास टक्क्यांवर मी लिहितो, कारण हा आकडा जवळजवळ प्रत्येक जण चुकीचा वाचतो.

तो येतो असा. एकाच बीजांडापासून झालेली जुळी आणि दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेली जुळी घ्या. पहिल्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी, दुसऱ्यांची सरासरी अर्धी, सख्ख्या भावंडांसारखी. समजा एखाद्या गुणाबाबत पहिल्या जोड्यांचं साम्य ०.८ आलं आणि दुसऱ्यांचं ०.५. फरक ०.३, त्याची दुप्पट ०.६. ही झाली आनुवंशिकता. ०.८ मधून ०.६ वजा केले की ०.२ उरतात, तो एकाच घरात वाढल्याचा वाटा. आणि १ मधून ०.८ गेल्यावर उरलेले ०.२ म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं नशीब, आजार, मित्र आणि मोजणीतल्या चुका. २०१५ साली पन्नास वर्षांतली २,७४८ संशोधनं एकत्र केली, त्यात १७,८०४ गुण आणि सुमारे दीड कोटी जोड्या. सरासरी ४९ टक्के. तुमच्या पालकांपर्यंत पोचलेला आकडा बहुधा हाच.

पण हा आकडा फरकांबद्दल आहे, मुलाबद्दल नाही. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच असतात. तरी बोटांच्या संख्येची आनुवंशिकता शून्याजवळ, कारण चार बोटांची माणसं बहुतेक यंत्रात हात गेल्यामुळे तशी झालेली असतात. म्हणून ‘माझ्या बाबूचा अर्धा भाग रक्तातला’ या वाक्याला अर्थच नाही.

आज्यांना शेतावरून सांगा. कोरगुट या खाऱ्या जमिनीतल्या भाताचं सरमिसळ बियाणं घ्या, दोन मुठी करा. एक मूठ मानस (पाणी अडवायचं दार) नीट सांभाळलेल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, पेरा, दुसरी जिथे मानस फुटून खारं पाणी कमरेएवढं शिरलंय तिथे. एका शेतातल्या रोपांतला उंचीचा फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा, कारण माती आणि पाणी सगळ्यांना तेच. पण दोन शेतांतला फरक सगळा पाण्याचा. प्रत्येक शेतात आनुवंशिकता शंभर टक्के असली तरी दुसऱ्या शेताबद्दल ती काही सांगत नाही. उंचीचंच बघा. सुस्थितीतल्या देशांत ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास आनुवंशिक, आणि त्याच देशांत शंभर वर्षांत सरासरी उंची काही इंचांनी वाढली.

गणित बिघडतं कुठे? जुळी एकाच बीजांडाची आहेत की नाहीत हे चेहऱ्यावरून ठरवलं तर चूक होते, रक्त किंवा लाळ तपासावी लागते. दिसायला हुबेहूब असलेल्यांना लोक वागवतातही सारखं, त्यामुळे साम्य थोडं फुगू शकतं. आणि अभ्यासात फार गरीब घरं येतच नाहीत, ती फॉर्म भरायला येत नाहीत. मग वातावरणाचा वाटा लहान दिसतो. खाऱ्या पाण्याचं शेत मोजलंच नाही तर पाण्याचं महत्त्व कसं दिसणार?

शिवाय रक्त आणि घर वेगळे काढता येत नाहीत असंही दिसलंय. २०१८ साली आइसलँडमध्ये आईबापांची अशी जनुकं तपासली जी मुलात उतरलीच नव्हती. तरी त्यांचा मुलाच्या शिक्षणावर परिणाम होता, उतरलेल्या जनुकांच्या परिणामाच्या जवळजवळ ३० टक्के. रक्तातून न गेलेलं ते घराच्या वळणातून गेलं.

म्हादई_काठ

सगळं ठीक, पण सभेत ‘जन्मजात’ हा शब्द निघाला की काय होतं ते बघितलंय सगळ्यांनी. ‘त्यांच्या जातीतच नाही’, ‘मुलींना गणित नाही’ इथपर्यंत गाडी दोन मिनिटांत जाते. कोरी पाटी शास्त्र म्हणून चुकीची असेल, पण निदान कुणाच्या पोराला आधीच नापास करत नव्हती. तेवढ्यापुरती ती मला जवळची वाटते.

कोरगुट

भीती खरी आहे. पण ‘जन्मजात म्हणजे अटळ’ हे समीकरणच खोटं, आणि त्याला एक ठोस उदाहरण पुरतं. फिनाइलकीटोनयुरिया हा एका जनुकाचा दोष. फिनाइलअॅलानिन हा प्रथिनातला घटक शरीराला फोडता येत नाही, तो साचतो आणि मेंदूची वाढ कायमची खुंटते. पूर्णपणे रक्तातला. उपाय? टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मानंतर लगेच निदान, आणि पहिल्या आठवड्यांपासून तो घटक मोजून दिलेला आहार. मासे, दूध, डाळ यांवर कडक बंधन, प्रथिनांसाठी खास पावडर. मूल शाळेत इतरांसारखं शिकतं. आहार मधेच सोडला की लक्ष आणि वागणं बिघडू लागतं. आजार शंभर टक्के जनुकाचा, तरी तो टळतो शंभर टक्के ताटात काय वाढलंय त्यावर.

उलट कोरी पाटीवाल्यांचीही किंमत कुणीतरी मोजली आहे. मूल स्वमग्न असेल तर दोष आईच्या थंडपणाचा, हे गेल्या शतकात कित्येक वर्षं डॉक्टर सांगत होते. पाटी कोरी धरली की चुकीच्या अक्षराचा गुन्हा लिहिणाऱ्यावर येतो.

जातीवरून आलेल्या वाक्याला तुम्ही दोन शेतांचं उत्तर द्या. गटागटांतल्या फरकाबद्दल आनुवंशिकतेचा आकडा मुकाच असतो.

कांदोळी_कट्टा

इतिहासाची पाच मिनिटं माझ्याकडून.

जॉन लॉकने १६८९ साली जन्मजात कल्पना नसतात असं मांडलं, त्याचा रोख सत्तेवर होता. एखादं तत्त्व देवाने मनात कोरूनच पाठवलंय म्हटलं की त्यावर प्रश्न विचारता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्सचं उत्तर एका ओळीचं : इंद्रियांतून न आलेलं असं बुद्धीत काही नाही, खुद्द बुद्धी सोडून. ते १७०४ साली लिहून झालं, पण छापलं गेलं १७६५ साली, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

आपल्याकडे न्यायसूत्रांच्या, म्हणजे न्याय दर्शनाच्या मूळ ग्रंथाच्या, तिसऱ्या अध्यायात हाच वाद आहे, आणि आज्यांना तो लॉकपेक्षा लवकर पोचेल. नुकतं जन्मलेलं मूल हसतं, दचकतं, स्तनाकडे ओढलं जातं. शिकवलं कुणी? नैयायिक म्हणतात, मागच्या जन्मीचा सराव. त्यावर तिथेच आक्षेप नोंदवलाय : लोखंड लोहचुंबकाकडे जातं ते काय सरावाने? कमळ उमलतं ते आठवणीने? यावर नैयायिकांचं म्हणणं, त्यांना ऊन-पावसासारखी ठरलेली कारणं असतात. निरीक्षण आजही टिकून आहे. पूर्वजन्माच्या जागी आपण उत्क्रांतीचा लांबलचक सराव ठेवतो. सभेत पूर्वजन्मावर वाद काढू नका, पाऊण तास तिथेच संपेल.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनचं १९२४चं ‘मला डझनभर निरोगी बाळं द्या, हवं ते बनवून दाखवतो’ हे सगळे सांगतात. पुढच्याच वाक्यात त्याने आपण पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतोय असं कबूल केलंय, ते कुणी सांगत नाही. त्याच्या मताला पहिला मोठा तडा उंदरांनी दिला. जॉन गार्सियाच्या १९६६च्या प्रयोगात उंदीर पाणी पिताना चवही होती, दिवा आणि आवाजही होता. नंतर मळमळ आणली तर त्यांनी चव टाळली. विजेचा झटका दिला तर दिवा-आवाज टाळला. उलटी जोडी लागेना. माकडांचंही तसंच : प्रयोगशाळेत वाढलेलं माकड सापाला भीत नाही, पण दुसरं माकड घाबरलेलं व्हिडिओत दाखवलं की लगेच शिकतं. त्याच व्हिडिओत सापाच्या जागी फूल घातलं तर फुलाची भीती शिकत नाही. सापाची भीती घेऊन कुणी जन्मत नाही. ती पटकन शिकण्याची तयारी घेऊन जन्मतं.

आणि गोव्यात सभा घेऊन आबे फारियाला वगळणं बरं दिसणार नाही. १७५६ साली कांदोळीत जन्म, १८१३ साली पॅरिसमध्ये संमोहनाची जाहीर प्रात्यक्षिकं. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी पुतळा आहे तो त्यांचाच. त्या काळी सगळे म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून चुंबकी द्रव निघून समोरच्यावर काम करतो. फारियांनी सांगितलं, असा द्रव वगैरे काही नाही. घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या एकाग्रतेने आणि कल्पनेने, आणि सगळ्यांवर सारखं घडत नाही. ऐकणाऱ्याचं मन हा कोरा कागद नाही, हे एका गोमंतकीयाने १८१९ पूर्वीच भर सभेत दाखवून दिलं होतं.

बालवाटिका_फोंडा

मग आराखडा असा करते : वेस्टचं प्रात्यक्षिक दहा मिनिटं, ट-त आणि चव सात, डोळे-कान दहा, कोरगुटाची दोन शेतं आणि टाचेचा थेंब आठ, न्यायसूत्रं आणि फारिया पाच, उरलेली पाच प्रश्नांना. उंदीर-माकडं वेळ उरला तरच. कागदी कप आणि तपासणीची वयं लिहिलेला अर्धा कागद प्रत्येकाला घरी न्यायला. चालेल?

दृष्टी_श्रवण

कप घरी देऊ नका. आईबाप रोज झाकून बघत बसतात, मूल कंटाळतं आणि खऱ्या तपासणीच्या दिवशी डोळा झाकू देत नाही. कागदावर फक्त वयं आणि लक्षणं. त्यात फोटोचं एक घाला : फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते.

ध्वनिवेडा

प्रात्यक्षिक पहिलं नको, पाच मिनिटांनी घ्या. उशिरा येणाऱ्यांच्या चपला आणि खुर्च्यांच्या आवाजात ‘व’ ऐकू येणार नाही. आणि ब्लूटूथ स्पीकर झोपेत जाऊन पहिलं अक्षर गिळतो, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या आधी एक सेकंद हलकी खरखर जोडून ठेवा किंवा सरळ वायर लावा.